ताईच्या वाट्याचं

दोष आत्याबाईंचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी विचारायला नको. आमच्या देवासच्या घरात बाळंतपण आलं की डिंकाच्या लाडवांपेक्षा किस्सेच जास्त वळले जातात. ताईच्या वेळचे ऐकून मित्र हसतात. मला अजून धक्काच बसतो. तिचं बाळ आठव्या महिन्यातच आलं. एवढंसं!

*

घरी सोडताना नर्सनं बजावलं, "माँ खाएगी तो बच्चा बढ़ेगा. आयरन, कैल्शियम रोज. और ये पावडर दूध में, सिर्फ माँ को!"

आत्याबाई, म्हणजे बाबांची थोरली बहीण, मान डोलावत होत्या. रिक्षात बसताच पिशवी स्वतःच्या मांडीवर! "गोळ्या उष्ण असतात. दूध आटतं."

मी म्हटलं, "फार्मसीत तर उलटं शिकवतात."

बाबा म्हणाले, "दोन वर्षांत कॉलेज सोडलंस ना? मग अर्धंच शिकला असशील!"

*

तिसऱ्या दिवशी हाटपिपल्याचे काका बाळ बघायला आले. त्यांना ताईच्या पावडरचं दूध! पेला चाटूनपुसून म्हणतात, "भिया, क्या गज्जब चीज है! और है क्या?"

होती की! मग काकूंना, शेजारणीला, शेजारणीच्या सुनेला. मी ओरडलो तर आत्याबाई म्हणाल्या, "घरी आलेल्याला कोरं दूध द्यायचं? कुणी शिकवलं तुला हे?"

आठवड्यात डबा रिकामा. ताईला एक चमचा मिळाला नव्हता!

*

ताईच्या ताटात मऊ भात आणि तूप. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. डाळ नको, बाळाचं पोट फुगतं. पालेभाजी नको, बाळाला हिरवी शी होते. फळ नको, सर्दी होते.

"मग आत्याबाई, माणसानं खायचं काय?"

"आम्ही नाही का वाढवली पोरं?"

चार झाली होती, दोन राहिली. हे मी तोंडावर म्हटलं. दोन दिवस माझं जेवण बंद. निदान मला बाहेर जाऊन कचोरी तरी खाता येत होती!

*

एक दिवस आत्याबाई कठडा न धरता गच्चीवर चढल्या. शेजारीण थक्क! "कौनसा तेल लगाया, बुआजी?"

"तेल नाही गं. हाडांच्या गोळ्या घेतेय. पडूनच होत्या घरात."

उष्ण गोळ्या! म्हाताऱ्या गुडघ्यांना अगदी थंड पडल्या! मी भांडायला उठलो, तर ताईनंच हात धरला. "ओरडू नको रे. आत्ताच झोपलंय." बाळाच्या मांड्यांना सुरकुत्या होत्या. आणि दूध कमी पडतंय म्हणून सगळे ताईलाच बोलत होते.

*

आणि हा शेवटचा. आशा दीदी, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका, घरी येऊन झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन घ्यायची. आमच्यात लेकरू नुसतं तोलत नाहीत, नजर लागते. सोबत घरची चांदी ठेवतात. पहिल्या खेपेला आत्याबाईंनी दुपट्यात वाटी ठेवली. दुसऱ्या खेपेला चांगला जाडजूड पेला! दीदीला दोन्ही वेळा कुणी काही सांगितलं नाही. तिनं कार्डावर वाढ लिहिली आणि खूश झाली. "बढ़िया! डॉक्टर को दिखाने की जरूरत नहीं."

मी झोळीत हात घातला आणि पेला काढून तिच्यासमोर ठेवला. काटा सर्रकन खाली आला. बाळ दवाखान्यातून आलं तेव्हाच्या वजनापेक्षाही खाली!

दीदीचा चेहरा उतरला. तिनं ताईला विचारलं, "खाना तो ठीक से मिलता है ना?"

"सब खाती है जी," आत्याबाई म्हणाल्या. "घी, चावल, लड्डू..."

"मुझे भूख लगती है," ताई म्हणाली.

 बाबा पेल्याकडे बघत राहिले.

त्याच दुपारी बाळ भरती झालं, सोबत ताई. तिथूनच जिजाजी दोघांना धारला, आपल्या घरी घेऊन गेले. "बाहेरच्या बाईसमोर घर उघडं केलंस," असं म्हणून बाबांनी मला घरातून निघायला सांगितलं. बारसं धारला झालं. मला बोलावणं नव्हतं.