उपरण्याखालचे पाच सूर

भगवंतरावकाका मला कधी आवडला नाही. तो गेला म्हणून आता गोड बोलणं मला जमणार नाही. गोष्ट प्रयागकाकूची आहे, पण सुरुवात त्याच्यापासूनच करावी लागते.

१९३७ साली शेलूबाजारच्या मारुतीच्या देवळात काका भजनाला पेटी वाजवी. वाजवताना उजव्या हातावर उपरणं टाकी, कोणी बोटं पाहून शिकू नये म्हणून. भजनं सगळी सा, रे, ग, प, ध या पाच सुरांतली. म आणि नी वगळलेले. आपण फार मोठी विद्या झाकतोय असा त्याचा तोरा असे.

त्या वर्षी हनुमान जयंती जवळ आली तशी त्या दिवशी आपणही भजन म्हणू, असं बायांनी मागितलं. पाटील बापूराव म्हणाले, एकदा म्हणून दाखवा, जमलं तर दर शनिवारी बसा. काकूचा जीव त्यात गुंतला. पण काकाच्या पट्टीत बायांचा आवाज खाली दबे.

"जरा वरून वाजवा," काकू म्हणाली.

"पेटी जशी हाय तशीच वाजते. तुमचा आवाज तिच्यात बसत नाई, त्याले मी काय करू?"

काका मेथी घेऊन मंगरुळच्या बाजाराला गेला, तेव्हा काकूनं पेटी उघडली. काळ्या पट्ट्या बोटांनी झिजलेल्या, पांढऱ्या कोऱ्या. काळ्या दाबल्या तर भजन निघालं. आयुष्यभर वांग्याची रोपं अंतर धरून लावणारी बाई ती, मोजल्याशिवाय राहते थोडीच? काळ्या-पांढऱ्या सगळ्या ओळीनं मोजल्या: सापासून पुढच्या सुराला दोन घरं, मग दोन, तीन, दोन, तीन, की पुन्हा सा. मग एका पांढरीवरून तसंच मोजत गेली. तेच भजन, फक्त वर. काकाला वाटे, हे सूर काळ्या पट्ट्यांतच राहतात. गुरूनं तेवढंच दाखवलं होतं आणि पुढं विचारायची त्याला लाज वाटली.

काकूनं त्याला हे सांगितलं. त्यानं तांब्या फेकून मारला.

जयंतीला बायांतल्या पंचफुलानं आपल्या पट्टीत भजन उचललं. काका मुद्दाम आपल्याच पट्टीत वाजवत राहिला. पुरुष हसले. बापूराव म्हणाले, "बस करा आता."

काकू उठली आणि तिनं काकाच्या हातावरचं उपरणं ओढलं.

"काहून झाकता? पंचफुलाच्या पट्टीत वाजवून दाखवा."

काकाची बोटं पांढऱ्यांवर गेली आणि दोनदा चुकली. काकूनं पेटी आपल्याकडे ओढली, दोन-दोन-तीन मोजत भजन शेवटाला नेलं. मग कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकानं विळ्यानं पेटीचा भाता फाडला आणि गावात सांगितलं, उंदरांनी कुरतडला. बाया मात्र दर शनिवारी बसू लागल्या, नुसत्या टाळांवर.

त्या साली वांग्याची रोपं काकूनं दोन वीत, दोन वीत, तीन, दोन, तीन अशी लावली, अख्ख्या मळ्यात. बघणाऱ्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. काकाला मात्र पहिल्याच सरीत कळलं. तक्रार करायची तर ते मोजमाप कशाचं, हे सांगावं लागलं असतं. तो हंगाम संपेपर्यंत रोज त्याच सऱ्यांना पाणी देत राहिला.