आईच्या बोरमाळेचा गोळा

आई गेली त्या वर्षी पावसानं उदगीरकडे पाठ फिरवली होती आणि लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. प्यायला पाणी टँकरचं, पण जिल्ह्याचे पेढे मात्र घरोघर. माझ्या वडिलांनीही आपल्या किराणा दुकानात पेढे वाटले होते. आता साहेब लोक हाकेच्या अंतरावर आले, असं ते गिऱ्हाइकांना सांगत.

आमच्या घरी गेलेल्या बाईचा दागिना तसाच कुणी घालत नाही. आधी तो वितळवायचा, सोन्याचा गोळा घरी आणून रात्रभर महादेवापुढे ठेवायचा आणि सकाळी सोनाराकडे देऊन लेकीसाठी नवा घडवून घ्यायचा. माझं लग्न झालं होतं, माझा दागिना मला आईनं स्वतःच्या हातानं दिला होता. धाकटी बहीण शेंडेफळ, जेमतेम पावलं टाकत होती. तिच्यासाठी आईची बोरमाळ तेवढी उरली होती.

म्हणून वडील आणि मी सोनाराकडे गेलो. माळ वितळवली, गोळा वडिलांनी रुमालात बांधला आणि आम्ही उठणार तोच कस्टमची माणसं आत आली. त्या गल्लीत परदेशी सोनं वितळवतात, अशी त्यांना खबर होती. त्यांनी दार लावून घेतलं. मी बी.ए. झालेली, त्यामुळे जीभ वळवळलीच. कोर्टाचं वॉरंट कुठंय, म्हणून विचारलं. वरिष्ठांचा हुकूम आहे, कोर्टाचा लागत नाही, असं त्यांच्या साहेबांनी सांगितलं. बाईची झडती बाईनंच घ्यायची असते, हेही त्यांनीच सांगून मला बाकावर बसवलं. माणूस उर्मट असता तर निदान भांडता आलं असतं. हा तर वडिलांना काका म्हणत होता!

रुमाल सुटला. वडील हात जोडून म्हणाले, "साहेब, हे चोरीचं न्हाई. हिच्या आईच्या अंगावरचं हाय."

"काका, दागिना असता तर मी विचारलंही नसतं," साहेब म्हणाले. "असा गोळा जवळ ठेवायला कायद्यानं बंदी आहे. आणि हे चोरट्या वाटेनं आलेलं नाही, हे आम्ही नाही, तुम्ही सिद्ध करायचं."

सोनार शपथा घेत होता. मूस अजून गरम हाय, हात लावून बघा, म्हणत होता. साहेबांचं म्हणणं, मूस गरम आहे म्हणजे सोनं वितळवलं एवढंच कळतं, कुणाचं ते कळत नाही. मला घरी जाऊ दिलं, तशी मी धावत जाऊन भिंतीवरचा आईचा फोटो आणला. तिच्या गळ्यात माळ स्पष्ट दिसत होती. साहेबांनी फोटो नीट पाहिला, माझ्याकडे अदबीनं परत दिला आणि म्हणाले की फोटोत माळ आहे, इथं गोळा आहे. पंचनामा झाला, पुडीवर लाखेचा शिक्का बसला आणि वडिलांनी सही केली. मला राग आला होता आणि त्या रागाचा कुणालाच काही उपयोग नव्हता.

पेढेवाले वडील नव्या कलेक्टर कचेरीत जाऊन आले. तिथं कळलं की हे खातं दिल्लीचं, जिल्ह्याचा त्याच्याशी संबंध नाही. पुढं सुनावणी झाली. वडिलांनी पुन्हा तेच सांगितलं, पण त्यांच्याकडे दुसरं सांगण्यासारखं होतं तरी काय? सोनं सरकारजमा झालं. आपलीच रीत पाळून आपण लेकीचं घालवलं, हे त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही.

काही वर्षांनी तो कायदाच उठला. आता कुणीही सोन्याचा गोळा उशाशी घेऊन झोपावं. धाकटीच्या लग्नात आम्ही लातूरच्या दुकानातून पावतीसकट नवी बोरमाळ आणली. मी तिच्या गळ्यात घालत होते तेव्हा तिनं एक मणी बोटांत धरला.

"ताई, ह्यात आईचं थोडं तरी हाय का?"

"न्हाई," मी म्हणाले आणि मागचा फासा अडकवला.