हरिभाऊंसाठी नऊ वर्षे

हे मी आमच्या पाळकांनाही सांगितलेले नाही. लिहिण्याची सवय नाही, उतारवयात हात अडखळतो — पण तोंडाने मला हे कधीच सांगता येणार नाही.

नव्वदच्या दशकात मी मुरबाडला शिक्षक होतो. आई भातसानगरला राहत असे. तिथल्या मोजक्या ख्रिस्ती कुटुंबांत दर गुरुवारी, आळीपाळीने, एकेका घरी प्रार्थनासभा होई. आईची एकच इच्छा — एक सभा मुलाच्या घरी व्हावी. माझी प्रार्थना तर केव्हाच सुटली होती. शिवाय माझ्या भाड्याच्या खोलीतून ती गीते ऐकू आली, तर शाळेतले लोक काय म्हणतील? मी म्हणालो, "घरमालक हरिभाऊंना चालत नाही."

किती सोपे होते ते!

त्या आठवड्यापासून आईने सभेत विनंती मांडली — हरिभाऊंचे मन मऊ व्हावे. नऊ वर्षे. सारी मंडळी त्यांचे नाव घेऊन प्रार्थना करी.

आणि हरिभाऊ? अंगणात भात वाळत घालताना त्यांनीच एकदा मला हटकले होते, "मास्तर, आई येते नि नुसता चा पिऊन जाते. तुमचा भजन ठेवा की आमच्या पडवीत, सतरंजी मी देतो. का आमच्या पडवीत तुमचा देव बाटतो?" ते हसले. मीही हसलो — आणि आईला कळवले नाही.

आई गेली. शहापूरला दफनविधी झाला. हरिभाऊ आले, मूठभर माती टाकून बाजूला उभे राहिले. पाळकांच्या पत्नी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "तुम्ही सभा होऊ दिली नाहीत, तरी बाई शेवटपर्यंत तुमच्यासाठी प्रार्थना करत होत्या. आमच्या मनात काही नाही हो."

हरिभाऊंनी माझ्याकडे पाहिले. "मी कवा नाय बोललो, मास्तर?"

मी कबरीकडे पाहत राहिलो. लोकांना वाटले, शोक आहे.

त्यानंतर वर्षभरात मी देवाकडे परतलो — खरोखर परतलो. मंडळीपुढे उभे राहून साक्ष दिली. अविश्वास, चुकवलेले रविवार, सारे बोललो. हे तेवढे वगळले. आईच्या प्रार्थनांनी मुलगा परत आला, म्हणून सगळे रडले. मीही रडलो.

हरिभाऊ आता नाहीत. दफनानंतर चार वर्षे मी त्यांच्याच खोलीत राहिलो. रोज सकाळी आधी हाक तेच मारत. तो प्रश्न मात्र त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही — आणि त्याबद्दल, गुडघे टेकून, मी देवाचे आभार मानत असे.