परीक्षा तुमच्या घरातली

“आगरी झाली हो आमची नात!” काकू म्हणाल्या आणि जेवणाच्या टेबलावरची सगळी हसली. मी तिथंच खाली बसून ताडगोळे सोलत होते. आगरी.

झालं होतं एवढंच. अमेरिकेहून सुट्टीला आलेली त्यांची सहा वर्षांची नात भात बघून म्हणाली, “मना नाय पायजे.” हे तिनं माझ्याकडून उचललं होतं. पंच्याण्णवचा मे महिना. तिला न्हाऊ घालायला, भरवायला, गोष्टी सांगायला काकूंनी मला ठेवलं होतं. मी बारावी पास. मिठागरात राबणाऱ्या आमच्या आगरी घरातली पहिली. काकूंचे यजमान पनवेलच्या एका शाळेच्या समितीवर. “पोरीला नीट सांभाळ, जूनमध्ये तुला बालवाडीवर बाई म्हणून लावते,” असं काकू स्वतःच्या तोंडानं म्हणाल्या होत्या. त्या एका वाक्यावर मी महिना काढत होते. बाई व्हायचं. हातात खडू धरायचा. दुसरं काही नको होतं मला.

सगळे हसले तेव्हा राग आला का? नाही. लाज? तीही नाही. काहीच आलं नाही. अंगठा तेवढा सालीत रुतत होता.

मग दादा बोलायला लागले. दादा म्हणजे काकूंचा मुलगा, त्या पोरीचा बाप. तिकडे इंजिनिअर.

“हसू नकोस, आई. तिकडे टीव्हीवर शिकलीसवरलेली माणसं वाद घालतायत. म्हणे बुद्धी रक्तातून येते, काळ्यांची जन्मतःच कमी. आपण त्यांच्या लेखी कुठे बसतो, सांग. आणि वर ऐकवतात, इथं राहायचं तर आमच्यासारखं बोला, आमच्यासारखे व्हा.”

पोरीच्या शाळेनं तिची बुद्धी तपासली होती. भिंतीतल्या शेकोटीचं चित्र दाखवलं. तसली शेकोटी यांच्या घरी नाही. पोर म्हणाली, घराला आग लागलीय. संपलं. मंद मुलांच्या वर्गात नेऊन बसवली.

“मी हेडबाईंना तोंडावर विचारलं,” दादा म्हणाले, “परीक्षा तुमच्या घरातली, आणि नापास माझी मुलगी?”

काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “मेले, माणसं आहेत की कोण!” माझ्याही पोटात तुटलं. खरंच तुटलं. पोर गुणी होती.

जेवणं उरकली. जून तोंडावर आला होता, म्हणून मीच विषय काढला. “काकू, बालवाडीचं?”

“शुभंकरोती म्हण बघू.”

मी सुरू केलं आणि अर्ध्यावर अडले. आमच्याकडे तिन्हीसांजेला देवापुढं दिवा लागतो. आई हात जोडते. बाबा मिठागरातून येऊन पाय धुतात. म्हणत कुणी काही नाही.

“बघ,” काकू म्हणाल्या. अगदी मायेनं हां, ओरडून नाही. “तुझा दोष नाही गं. संस्कार रक्तातच असावे लागतात. तुमच्या हातात कष्ट आहेत, डोक्यात हे नाही. इथं आमची एक बिघडली, तिथं वर्गच्या वर्ग बिघडेल. तू मावशी म्हणून लाग. पोरांची शी-शू काढायला मायाळू बाई हवीच आहे.”

दादा शेजारीच पेपर वाचत होते. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. आत्ताच तर बोलत होता. त्यांनी पान उलटलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कारटं.

 माझा आवाज निघाला, सपाट.

“दादा, परीक्षा तुमच्या घरातली, आणि नापास मी?”

पेपर खाली आला. “काय म्हणाली ही?” काकूंनी विचारलं. त्यांना कळलंच नाही. दादांना कळलं. चेहरा पडला त्यांचा.

“तो विषय वेगळा आहे,” ते म्हणाले.

“मी मावशी नाय लागणार,” मी म्हटलं. हात धुतले. पोर माझ्या ओढणीला लोंबकळत दारापर्यंत आली. मी तिची बोटं सोडवली आणि एसटी स्टँडकडे चालू लागले. रडू नाही. काही नाही.

घरी बाबांना सांगितलं. ते ओटीवर बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “लागायची व्हतीस मावशी, बाय. आपल्या डोक्यात कुठं काय हाय?”

काकूंचं वाक्य. आमच्या ओटीवर. माझ्या बापाच्या तोंडात. काकू बोलल्या तेव्हा लागलं नव्हतं. हे लागलं. 

“बाबा, ह्या घरात हे परत बोलायचं नाय,” मी म्हटलं. “आपल्याबद्दल नाय. वाडीवरच्या कातकऱ्याच्या पोराला आपण बोलतो, तेपण नाय.”

 मी समजावत बसले नाही. दुसऱ्या दिवशी ओटी सारवली आणि गावातली पोरं शिकवायला बोलावली. कोण बसलं, कोण पळालं. काकूंना मावशी मिळेल कुठूनही. मी बाई होणार होते. बाईच होणार.