पुरुष दुहेरी, पहिली फेरी

आमच्या नगरच्या क्लबात व्यावसायिक टेनिसची स्पर्धा पहिल्यांदा भरली तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांचा होतो आणि त्याच क्लबात मुलांना शिकवत होतो. स्पर्धा अगदी खालच्या पायरीची, तरी खेळाडू परदेशातूनही येणार होते. पुरुष दुहेरीत एक जागा स्थानिक जोडीसाठी राखलेली होती. सेक्रेटरी म्हणाले, "सर, तुम्हीच खेळा की. जोडीदार बघा कुणीतरी."

माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस आला. आमचे दोघांचेही वडील फौजेत होते. छावणीच्या क्वार्टरमध्ये आम्ही शेजारी राहायचो, तिथल्याच कोर्टावर एकत्र शिकलो. तो डावखुरा, नेटपाशी चपळ. मी मागं उभा राहून चेंडू परतवत राहायचो. तो चोवीस वर्षांचा असताना त्याचे वडील अचानक गेले आणि तो आईला घेऊन पारनेर तालुक्यातल्या आपल्या गावी, शेतीवर परतला. वडिलांच्या दहाव्याच्या दिवशी सोलापूरला आमची स्पर्धा होती. मी दुसरा जोडीदार घेऊन सोलापूरला गेलो. दहाव्याला गेलो नाही. पुढं लग्नकार्यात भेटलो, फोनवर बोललो, पण तो विषय त्यानं काढला नाही आणि मीही काढला नाही.

मी गावी गेलो तेव्हा तो डाळिंबाच्या बागेत होता. सगळं ऐकून म्हणाला, "खुळा झाला का? सतरा वर्षं झाली सोडून."

"शाळेच्या भिंतीवर मारतोस म्हणे अजून. वहिनींनी सांगितलंय मला."

तो हसला. ओट्यावरून त्याची आई म्हणाली, "जा की रं. डाळिंबं कुठं पळून चालली न्हाईत."

मग दोन आठवडे तो रोज सकाळी पिकअप घेऊन नगरला यायचा. हात तोच होता, पाय मात्र दोघांचेही जड झाले होते. सरावात आम्ही फारसं बोलत नसू. "माझा", "तुझा", "मागं ये", एवढंच.

सामन्याच्या दिवशी त्याच्या घरची माणसं जीप भरून आली. आई, बायको, चुलते, शेजारचे दोघं. त्यांतल्या कुणीच टेनिस पाहिलेलं नव्हतं. समोरची जोडी बाविशीतली. एक पंजाबातला, दुसरा परदेशी, उंच, पिंगट दाढीचा. त्यांची सर्व्हिस येताना दिसायची आणि मग एकदम पाठीमागच्या पडद्यावर आदळलेली ऐकू यायची. त्याच्या आईला मी लहानपणापासून मावशी म्हणतो. मावशी प्रत्येक फटक्याला टाळ्या वाजवत होत्या, त्यांच्याही आणि आमच्याही. पंचांनी दोनदा शांत राहायला सांगितलं. चुलते मोठ्यानं म्हणाले, "गप बसून कसला खेळ बघायचा?" पंचांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि हसू दाबलं.

पहिला सेट सहा-एकनं गेला. सेट संपल्यावर दोन मिनिटं बसायला मिळतं. तो टॉवेलात तोंड पुसत होता. माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "दहाव्याला मी आलो नव्हतो."

त्यानं टॉवेल खाली केला. "आत्ता? आत्ता बोलायचं व्हय हे?"

"केव्हा बोलणार मग?"

"सर्व्हिस तुझी हाय. ऊठ."

उठलो. का कोण जाणे, त्या सेटमध्ये माझी सर्व्हिस बसायला लागली आणि तो नेटपाशी पूर्वीसारखा आडवा धावायला लागला. पंजाबी पोराचा एक जोरदार फटका त्यानं नुसती रॅकेट धरून अलगद पलीकडं टाकला, तेव्हा ती दोघं पोरंही आपल्या रॅकेटवर थाप मारून वा म्हणाली. तीन-तीन अशी बरोबरी झाली. मग त्याच्या पोटरीत गोळा आला. फिजिओनं चोळून दिलं, तो लंगडत उभा राहिला, पण खेळ हातातून गेलाच. सहा-तीन.

कपडे बदलून आम्ही कोर्टामागच्या बाकावर बसलो. पोटरीवर बर्फाची पिशवी धरून तो म्हणाला, "आईला तवा बी राग नव्हता. पोरगं खेळायला गेलं आसंल, म्हनली हुती. मला हुता. लई वर्षं हुता."

माफी मागायचे शब्द मी कितीदा तरी मनात जुळवले होते, त्यांतला एकही आठवेना. त्यानं बर्फाची पिशवी माझ्या हातात दिली. "धर. हात गारठले माझे."

तोवर मावशी त्या दोन पोरांपाशी पोचल्या होत्या. ज्वारी हुरड्यात आली होती, आणि त्यांनी दोघांना शेतावर यायचं पक्कं करून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी ती जोडी हरली, त्यामुळं मोकळीच होती. मी त्यांना गाडीतून गावी घेऊन गेलो. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजली. मावशींनी हातावर चोळून कोवळे दाणे दोघांपुढं ठेवले, सोबत लसणाची चटणी आणि गूळ. परदेशी पोरगा तोंड पोळलं तरी थांबेना. तो तीन महिने घरी गेला नव्हता. दर आठवड्याला नवं गाव, आणि दुहेरीसाठी बहुतेक वेळा नवा जोडीदार, मोबाईलवर मेसेज करून शोधलेला. पंजाबी पोरानं हे हिंदीत सांगितलं. मावशींना ते पटेना.

"दर आठवड्याला नवा? मंग भांडायला येळ कधी मिळतो?"

त्यांचं बोलणं हिंदीतून इंग्रजीत होऊन परदेशी पोरापर्यंत पोचायला जरा वेळ लागला. मग तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

तो सामना माझ्या जोडीदाराचा शेवटचा. पुढच्या वर्षी मी विचारलं तर म्हणाला, "एकदा झालं, लई झालं. आता बास." दोन दिवस मला वाईट वाटलं. पण त्याच्याकडं जाणं मी सोडलं नाही. काढणीच्या दिवसांत सुट्टी घेऊन जातो, फळं निवडायला बसतो. मला अजून डागाळलेलं फळ नीट ओळखता येत नाही, आणि तो सगळ्या मजुरांसमोर माझ्यावर खेकसतो.