नवरंगाचं घरटं आणि आबांचा चुना

माझ्या बापाचं नाव या पुस्तकात नाही.

चारशेच्या वर पानं. मागची सूचीसुद्धा दोनदा बघितली, चष्मा पुसून.

पेपर तपासून मान आखडलीये, डोळ्यांतून पाणी येतंय, तरी आठवडाभर रोज थोडं थोडं वाचत होते. साहेबांचं चरित्र आहे ना! ज्यांची पुस्तकं वाचून आमची अख्खी पिढी पक्षी बघायला झाडाखाली मान वर करून उभी राहायला शिकली, ते साहेब.

आबा, म्हणजे माझे वडील, यावलच्या जंगलात फॉरेस्ट गार्ड होते. मूळचे शिरपूरकडचे. घरात अहिराणी, साहेबांपुढे मोडकीतोडकी मराठी.

ऐंशीच्या दशकात साहेब दर पावसाळ्यात पुण्याहून यायचे. आठ-दहा दिवस रेस्ट हाऊसवर मुक्काम. दिवसभर दोघं रानात. येताना माझ्यासाठी एक पुस्तक हमखास.

मी तेव्हा फैजपूरला कॉलेजात. काय तोरा मिरवायचे, की एवढा मोठा लेखक आमच्या ओट्यावर बसून कळण्याची भाकरी खातो!

एका वर्षी आबांना नवरंगाचं घरटं सापडलं. बोरीच्या जाळीत, गवता-काड्यांचा हा एवढा गोळा. आत अंडी. साहेबांना ते जवळून बघायचं होतं, कधीपासून. आबांनी माझ्याकडून कार्ड लिहून घेतलं. उलट टपाली उत्तर, शनिवारी पोचतो.

आता आबांची नोकरी कशी, तर मोठा साहेब येणार म्हटलं की रस्ता झाडायचा, काटे तोडायचे, कडेच्या दगडांना चुना मारायचा. वीस वर्षं हेच केलेलं.

तेच केलं माणसाने.

घरट्यापुढचा सगळा काटा कोयत्याने साफ. पायवाट झाडून काढली. दोन्ही बाजूंना पांढरेफटक दगड. आणि रेस्ट हाऊसची खुर्ची डोक्यावरून नेऊन घरट्यासमोर ठेवली!

"साहेबले नीट दिसाले पाहिजे ना," मला म्हणाले. "बठ्ठा काटा काढी टाका."

केवढे खूष होते.

शनिवारी मीही गेले बरोबर. घरटं उघडं पडलेलं, एका बाजूने फाटलेलं. काट्याचा आडोसा गेला आणि अंडीही गायब. पक्ष्यांचा पत्ता नाही.

साहेब बघत राहिले. चुन्याकडे, खुर्चीकडे, आबांकडे. मग त्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आबा, थर्मासमध्ये चहा आणलाय ना? द्या थोडा."

एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेले.

पुढच्या पावसाळ्यात आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. पत्र नाही, पुस्तक नाही.

मी घरी आले की आबा विचारायचे, "साहेबनं पत्र ऊनं का?" पत्र यायचं तर त्यांच्याच पत्त्यावर यायचं ना! तरी मलाच विचारायचे.

एकदा मी वैतागून बोलले.

"कशाला येतील पत्रं? तुमच्या अडाणीपणापायीच गेले ते. तुमचं तोंड बघायची इच्छा नसेल त्यांची."

आबा जेवत होते. ताट सरकवलं नाही, काही नाही. हातातली भाकरी सगळी संपवली.

"मनी चुकी शे, पोरी," म्हणाले आणि हात धुवायला उठले.

त्यानंतर पत्राचं कधी विचारलं नाही. रिटायर झाले, धुळ्याला माझ्याकडे येऊन राहिले. अंगणात साधी चिमणी काडी घेऊन आली तरी हे उठून आत जायचे. मी म्हणायचे, बसा हो आबा, काही होत नाही. ऐकायचे नाहीत.

आज आबांना जाऊन अकरा वर्षं झाली. फोटोला हार घातला, चहा घेतला आणि नेमकं सातपुड्याचं प्रकरण उघडलं.

त्यात सगळं आहे. घरटं आहे, छाटलेली जाळी आहे. आणि मला ठाऊक नव्हतं ते पुढचंही आहे.

कोणीतरी वर तक्रार केली होती, घरटं उद्ध्वस्त केलं म्हणून. साहेबांनी लगेच लिहून दिलं, की फोटोच्या हव्यासापायी मीच जाळी छाटायला लावली, गार्डने तर मला अडवलं होतं. चौकशी त्या कागदावरच मिटली, आबांपर्यंत आलीच नाही.

खात्याने त्यांची त्या जंगलात जायची परवानगी काढून घेतली. कायमची. पुण्यातल्या जवळच्या मित्रांनी बोलणं टाकलं.

चरित्रकाराने साहेबांना त्यांच्या म्हातारपणी विचारलं, अहो, त्या गार्डला निदान कळवायचं तरी!

साहेब हसले म्हणे. कळवलं असतं तर तो बाबा दुसऱ्याच दिवशी ऑफिसात जाऊन कबूल करून आला असता. नोकरी गेली असती, मुलीचं कॉलेज सुटलं असतं. म्हणून पत्र टाकलं नाही. आणि चरित्रकाराने कितीदा विचारलं तरी गार्डचं नाव काही सांगितलं नाही.

मुलीचं कॉलेज.

अहो, ती मुलगी मी.

सकाळपासून दोनदा रडून झालं. आता रडायचंही त्राण नाही. दोघंही गेले, सांगू कोणाला? म्हणून इथे लिहितेय.

साहेबांनी आबांना वाचवायचं म्हणून तोंड उघडलं नाही. आबांनी चूक पदरात घेतली आणि जन्मभर गप्प राहिले.

बोलले ती मी एकटीच.

आबा, साहेब रागावले नव्हते हो तुमच्यावर. मला माफ करा.

दोघांनाही तुमच्या पोरीचा नमस्कार.