टाकीचं झाकण वाचणारी शकू

शकू माझी धाकटी बहीण. पाठची. आमच्या घराण्यात माणसं पुष्कळ झाली, पण कुणासमोर मान खाली न घालणारं माणूस विचाराल तर पहिलं नाव शकूचंच घ्यावं लागेल. कर्वेनगरच्या एका पेट्रोल पंपावर ती अकरा वर्षं उभी आहे. उन्हात, धुळीत, दिवाळी-दसऱ्यालासुद्धा. आणि दहावी पास आहे, तीही इंग्रजीत चांगल्या मार्कांनी. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं त्या इंग्रजीमुळे घडलं.

गाडीच्या टाकीला बाहेरून एक झाकण असतं. त्याच्या आतल्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं, या गाडीला कसलं पेट्रोल चालतं ते. पंपावरचा प्रत्येक माणूस दिवसातून दोनशे वेळा ते झाकण उघडतो, पण वाचत कुणी नाही. शकू वाचते. ९१ असेल तर साधं पेट्रोल पुरतं. ९५ असेल तर महागातलं, म्हणजे प्रीमियम लागतं. आकडा मोठा म्हणजे पेट्रोलमध्ये जास्त ताकद असते असं लोकांना वाटतं, पण तसं नसतं. जास्त दाबाच्या इंजिनात ते वेळेआधी पेट घेत नाही, एवढाच त्याचा गुण. ज्या इंजिनात तेवढा दाबच नाही, तिथं घालून फायदा काय? हे तिला रामदासकाकांनी शिकवलं.

रामदासकाका म्हणजे पंपाचे सुपरवायझर. दिवाळीनंतर रिटायर होणार. त्यांची खुर्ची रिकामी होणार आणि शकूला ती हवी होती. पंपावर हे ती कुणाला बोलली नाही, फक्त घरी बोलली. उभं राहून गुडघे गेले हे एक कारण. खरं कारण वेगळं होतं. अकरा वर्षं लोक गाडीची काच अर्धी खाली करून "ए बाई" म्हणत होते, आणि एकदा तरी कुणी आपल्याला विचारून काम करावं असं तिच्या मनात होतं.

अशात पंपावर नवा मॅनेजर आला. साईनाथ त्याचं नाव, वय तिशीच्या आत, बूट एकदम चकाचक. त्यानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना उभं केलं.

"कोणतं टाकू, असं आजपासून कुणी विचारायचं नाही," तो म्हणाला. "प्रीमियम ना, असं विचारायचं. आणि विचारताना प्रीमियमची नळी हातात पाहिजे. माणूस फोनमध्ये असतो, मानेनंच हो म्हणतो."

केबिनबाहेर त्यानं पांढरा फळा लावला. कुणी किती प्रीमियम विकलं, त्याप्रमाणे वरपासून खालपर्यंत नावं. शिवाय सांगून ठेवलं, मंदाकिनी मॅडम हा फळा बघूनच काकांच्या जागी माणूस घेणार आहेत. मंदाकिनी मॅडम म्हणजे पंपाच्या मालकीण.

शकूनं दोन दिवस तसं केलं. खोटं कशाला बोलू, केलं. नळी हातात घेऊन "प्रीमियम ना?" म्हणाली आणि लोक मानेनं हो म्हणाले. फळ्यावर नाव चौथ्यावरून दुसऱ्यावर गेलं. पण घरी आल्यावर जेवण गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी वैजनाथकाका आले. शनिवार पेठेतले जुने गिऱ्हाईक, छोटी गाडी, तिला अठरा वर्षं झालेली.

"प्रीमियम टाक गं," काका म्हणाले. "गाडी म्हातारी झाली. चढाला धाप लागते तिला. म्हटलं जरा सकस काहीतरी द्यावं."

"कधीपासून देताय?"

"सहा महिने झाले."

"मग धाप गेली?"

"नाही. पण बंद केलं तर वाढेल की काय, या भीतीनं चालू ठेवलंय."

शकूनं झाकणावर बघितलं. ९१. मग काचेच्या केबिनकडे बघितलं. आत साईनाथ उभा, नजर इकडेच. प्रीमियमची नळी तिच्या हातात होती. तिनं ती परत जागेवर अडकवली आणि साध्याची काढली.

"काका, हिला साधं पुरतं. म्हाताऱ्या माणसाला दम लागला तर डॉक्टरकडे नेतात, नुसते बदाम चारत नाहीत. गॅरेजमध्ये नेऊन प्लग नि एअर फिल्टर बघून घ्या."

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "महागातलं घेऊ नका म्हणतेस? आमच्या पेठेत दुकानदार असं बोलला असता तर त्याची तब्येत बरी नाही म्हणून घरी कळवलं असतं लोकांनी."

"मीटर झिरो बघा," शकू म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं "प्रीमियम ना?" बंदच केलं. झाकण उघडायचं, वाचायचं, मग बोलायचं. आठ दिवसांत फळ्यावर नाव तळाला.

साईनाथनं बोलावून घेतलं. "शकूताई, समाजसेवाच करायची असेल तर तसा बोर्ड लावून देतो."

"गाडीला नको ते कशाला घालायचं, सर?"

"नको असलेलं विकणं, यालाच सेल्स म्हणतात. लागतं ते काय, कुणीही विकेल. उद्या मॅडम येताहेत. फळ्यावर तुमचं नाव कुठं आहे बघितलंत का?"

"बघितलं. सगळ्यात खाली असल्यामुळे लगेच सापडतं."

घरी आल्यावर दादानंही तिला समजावलं. माझ्याहूनही थोरला आहे, बोलायचा हक्क आहे. म्हणाला, खुर्ची मिळेपर्यंत नळी हातात धर, नंतर वाच हवी तेवढी झाकणं. शकू म्हणाली, "दादा, तू मंडईत बसतोस, खालची पाटी सडकी लावून वर ताजी भाजी मांडतोस का?" दादा मांडत नाही. आमच्यात ते रक्तातच नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मॅडम आल्या. मुलानं घेऊन दिलेली नवी मोठी गाडी होती, स्वतः चालवत होत्या. आता पंपाची एक रीत सांगायला हवी. मालकांच्या गाडीत कायम साधं पेट्रोल जायचं, विचारायची पद्धतच नव्हती. घरच्या गाडीला साधं, प्रीमियम गिऱ्हाइकाला. हलवाई स्वतःची बर्फी खात नाही, तसं. चार महिने ती गाडी येत होती आणि जो पुढं असेल तो डोळे मिटून साधं भरत होता.

त्या दिवशी पुढं शकू होती.

"मॅडमची गाडी. साधं, टाकी फुल," साईनाथ लांबूनच म्हणाला.

मॅडम फोनवर कुणा वर्कशॉपवाल्याला झापत होत्या. "तीनदा आणली तुमच्याकडे. चांदणी चौकाचा चढ लागला की आतून खडखड वाजतं. प्रत्येक वेळी काही नाही म्हणता. काही नाही तर वाजतं काय, टाळ?"

शकूनं झाकण उघडलं. आत लिहिलं होतं, कमीत कमी ९५.

ती तिथंच थांबली. बोललं तर सगळा पंप मूर्ख ठरणार, मॅनेजर पहिला. आणि बोलणार कोण, तर फळ्यावर तळाला असलेली बाई. न बोलता साधं भरलं तर कुणालाच काही कळणार नव्हतं. मॅडम आल्या तशा जाणार होत्या, खुर्चीची थोडीफार आशा शिल्लक राहणार होती. तिचा हात साध्याच्या नळीपर्यंत गेलाही.

मग ती काचेपाशी गेली. "मॅडम, जरा खाली उतरता का?"

मॅडमनी फोन ठेवला, उतरल्या, चष्मा लावला आणि झाकणावरचं वाचलं. मोठ्यानं वाचलं. "पंच्याण्णव."

"आणि आपण पहिल्या दिवसापासून हिला साधं घालतोय," शकू म्हणाली. "वाजतं ते त्यानंच असेल. नक्की गॅरेजवाले सांगतील, पण आधी हिचं खाणं बदलू."

साईनाथ धावत आला होता. "मॅडम, ते कंपनीवाले लिहायचं म्हणून लिहितात."

"फळ्यावरचं पण लिहायचं म्हणूनच लिहिता का?" शकू म्हणाली. तोंडातून निघून गेलं.

मॅडमनी केबिनकडे वळून फळा बघितला. "शकुंतला. तळाला तूच ना? प्रीमियम कुणाला लागतं हे तुला कळतं, मग तुझंच सगळ्यात कमी कसं?"

"कळतं म्हणूनच कमी. ज्या गाडीला लागतं, तिचा मालक साधं मागतो तरी मी त्याला प्रीमियम घ्यायला लावते. ज्या गाडीला लागत नाही, तिला देत नाही. आणि आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या ९१ च्या आहेत."

"म्हणजे माझा पंप बुडवणार तू."

"उगाच घातलंय हे आज ना उद्या त्या माणसाला कळणार, मॅडम. मग तो साधं भरायलासुद्धा पुढच्या चौकातल्या पंपावर जाणार."

मॅडमनी प्रीमियम भरून घेतलं, गाडीत बसल्या नि निघून गेल्या.

संध्याकाळी जेवताना शकू म्हणाली, "दादा, गेली खुर्ची."

दादा म्हणाला, "खुर्चीचं नशीब फुटकं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला शकू पंपावर पोचली, तर साईनाथ फळ्यासमोर फडकं घेऊन उभा. नावं पुसून झाली होती. तिच्याकडे न बघताच म्हणाला, "मॅडमचा हुकूम आहे. आधी झाकण, मग तोंड. तुम्ही सगळ्यांना दाखवायचंय, कुठं काय लिहिलेलं असतं ते." जरा थांबून म्हणाला, "मलाही."

तेवढ्यात रामदासकाकांनी मागून हाक मारली. त्यांच्या एका हातात काचेचं उंच भांडं, दुसऱ्या हातात त्यात सोडायची काचेची कांडी. रोज सकाळी पेट्रोल भांड्यात काढून, कांडी सोडून त्याची घनता मोजतात आणि वहीत लिहितात. हे काम सुपरवायझरचं. अकरा वर्षांत शकूनं त्या कांडीला हातसुद्धा लावला नव्हता.

"धर," काका म्हणाले. "दिवाळीपर्यंत तुला सगळं शिकवायचं, असा रात्री मॅडमचा फोन आला होता. नंतर जमलं नाही तर काढून टाकतील, तेही सांगितलंय. तेव्हा हात थरथरू देऊ नकोस."

शकूनं कांडी हळूच भांड्यात सोडली. ती एकदा खाली बुडाली, वर आली आणि स्थिर झाली. शकूनं वाकून आकडा वाचला, काकांनी खात्री करून मान हलवली.

"लिही वहीत. खाली सही कर."

"पूर्ण नावाची?"

"मग काय अर्ध्या?"

बाहेर दोन रिक्षा नि एक गाडी येऊन उभी राहिली होती, हॉर्न वाजत होते. शकूनं त्यांना हातानंच थांबा म्हटलं आणि सावकाश, एकेक अक्षर नीट काढत सही केली.